वासूभाऊचा समुद्र आणि माझा ताडोबा

माझ्या चुलतभावाच्या घरासमोर समुद्र आहे, यात माझी काहीच चूक नाही.

वासूभाऊ माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा. या अकरा दिवसांच्या जोरावर लहानपणी आंब्याची कोय आधी त्याच्या हाती जायची, नवा सदरा आधी त्याच्या अंगात जायचा आणि तो मळला, फाटला की मग माझ्याकडे यायचा. तरी मी सहन केलं. कारण आम्ही दोघंही तलावावरच मासोळी धरत होतो, आणि जाळं फेकण्यात मी त्याच्यापेक्षा काकणभर सरस होतो. (असं मी म्हणतो. दुसरं कोणी म्हणत नाही, पण दुसऱ्यांना जाळ्यातलं काय कळतं!)

आमचं गाव मूलच्या अलीकडे. गावाला तलाव, तलावाला पाळ आणि पाळीखाली आमची मासेमारांची घरं. आमच्यात पाणी सोडून कोणी जात नाही. वासूभाऊ गेला. आधी बल्लारपूरला रेल्वेच्या कामावर गेला, तिथून एक दिवस गाडीत बसून थेट वसईकडे पोचला आणि समुद्रातल्या होडीवर लागला. मला वाटलं, सुटलो. पण मग त्याची पत्रं यायला लागली.

घरात चौथी शिकलेला मी एकटा, त्यामुळे पत्र वाचायची जबाबदारी माझी. म्हणजे बघा, स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचायचं की वासूभाऊच्या समुद्रात हाताएवढ्या कोळंब्या आहेत! समोर आमचा आजा खाटेवर बसलेला. ऐंशीच्या पुढचा माणूस, दात दोन, पण कान दोन्ही शाबूत. 'समुद्राला दुसरा काठच नसतो,' असं एका पत्रात होतं. ते ऐकून आजा दिवसभर जेवला नाही.

"दुसरा काठच नाई?" तो मधूनच म्हणायचा. "मंग माणूस जाऊन राह्यला तं जाते कुठी?"

त्यानंतर मी पत्रातली निम्मी वाक्यं गाळायला लागलो. वासूभाऊ दोन्ही बाजूंनी कार्ड भरून पाठवायचा आणि मी वाचायचो, "आम्ही खुशाल आहोत. तुम्ही खुशाल असा. वासुदेव." आजा कार्डाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि कार्ड मागून कमरेला खोचायचा. पुढे कळलं की पोस्टमन आला की आजा तेच कार्ड कमरेतून काढून त्याच्याकडून पुन्हा वाचून घ्यायचा.

असंच एक कार्ड आलं. वासूभाऊनं लिहिलं होतं की, आजाच्या डोळ्यांदेखत एकदा सगळा गोतावळा एका जागी जमावा. पोरं, नातवंडं, पणतवंडं, लेकी, जावई, सगळे या समुद्रावर या, मी व्यवस्था करतो. मी वाचलं, "आम्ही खुशाल आहोत." दुसऱ्या दिवशी आजानं घरच्या सगळ्यांची बैठक बसवली आणि मला बोलावलं.

"गणप्या, समुद्राचं तू काऊन नाई वाचलं?"

"शाई फुटली होती, आजा."

"पोस्टमनले तं वाचता आलं."

मग त्यानं खुंटीवरचं आपलं फेकजाळं काढून मांडीवर घेतलं. हे जाळं म्हणजे आमच्या घराण्याची इज्जत. आजानं तरुणपणी स्वतः तागाच्या दोऱ्यानं विणलेलं, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबडं केलेलं, खाली शिशाचे मणी. घरातल्या लग्नात मुलीकडचे लोक आधी हे जाळं बघून जायचे. ते आता कोणाला द्यायचं, याचा विचार आजा दोन वर्षं करत होता, आणि तो विचार करत असताना मी त्याचे पाय दाबत होतो.

"गोत जमू द्या," आजा म्हणाला. "जो माह्या साऱ्या गोताले एका पंगतीत मासोळी चारीन, जाळं त्याचं."

समुद्रावर जमायचं म्हटलं की संपलंच. हाताएवढी कोळंबी! मी त्याच बैठकीत उभा राहिलो आणि समुद्राविरुद्ध जोरदार भाषण केलं. इतक्या लांबचा प्रवास म्हाताऱ्या हाडांना झेपेल का, पोरं गाडीतून डोकं बाहेर काढतील, पाणी खारट, वारा खारट, आणि ज्या पाण्याला काठ नाही त्या पाण्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यापेक्षा आपला ताडोबा काय वाईट? देव आहे, देवासमोर तळं आहे, तळ्याला चारी बाजूंनी व्यवस्थित काठ आहे. पौषात धान घरात आलेलं असतं, बैल रिकामे असतात. तळ्याच्या काठी पंगत मांडू, आणि मासोळी? मासोळी मी चारतो! हे शेवटचं वाक्य मी छातीवर हात मारून म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ताडोब्याचं आता सरकारनं राष्ट्रीय उद्यान केलंय, असं मूलच्या बाजारात माझ्या कानावर आलं होतं. मला वाटलं, चांगलं झालं, वाट जरा झाडून ठेवतील.

मग तयारी. मी पोस्टकार्डांची चळत आणली आणि नातेवाइकांना लिहीत सुटलो. गडचांदुरातली आत्या, सिंदेवाहीचा काका, घुग्घुसला खाणीत गेलेला मामेभाऊ. सगळ्यांची उत्तरं आली आणि सगळ्यांनी तेच विचारलं होतं, आम्ही काय आणू? इथे आमच्या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे. मासेमाराच्या पाण्यावर पाहुणा जातो तेव्हा तो स्वतःबरोबर मासोळी नेत नाही. नेली तर त्याचा अर्थ होतो, तुझ्या पाण्यात काही नाही, आणि तुझ्या हातातही काही नाही. अशा एका हंडीवरून आमच्यात सोयरिका मोडल्या आहेत. म्हणून मी सगळ्यांना लिहिलं, 'मासोळी सोडून काहीही आणा.' वासूभाऊच्या कार्डावर याच ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

माझी बायको पार्वती हे सगळं बघत होती. ती कमी बोलते, पण जे बोलते ते मला आयुष्यभर ऐकावं लागतं.

"मी म्हणते, आपल्या तलावातल्या चार मरळ माठात घालून नेऊ. जित्या राह्यतात."

"ताडोब्याले मासोळी नेऊ? लोक थुंकतील तोंडावर."

"तिथी धरू देतात का, कोणाले विचारलं का तुमी?"

मला हसूच आलं. पाणी आहे, पाण्यात मासोळी आहे, काठावर आपण आहोत. यात विचारायचं कोणाला आणि काय? आमच्या सात पिढ्यांत कोणी असला प्रश्न विचारला नव्हता. बायकोच्या माहेरी शेती असल्यामुळे तिला असल्या शंका येतात, असं मी तिला समजावलं. तिनं शिदोरीत दोन वांगी जास्त टाकली.

ठरल्या दिवशी वासूभाऊ चांद्याच्या स्टेशनवर उतरला. मी बंडी घेऊन गेलो होतो, पार्वती मागे बसलेली. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात पत्र्याची मोठी पेटी. माणूस सुटला होता, काळा झाला होता आणि त्याच्या चालण्यातसुद्धा कुठेतरी समुद्र होता. त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, "गणपत, तू तं वाळला रे." मी म्हणालो, प्रवासानं. (मी दहा-बारा कोसांवरून आलो होतो आणि तो मुंबईपलीकडून.) पेटीला मात्र कसलातरी वास येत होता. मी विचारलं तर तो गडबडला, म्हणाला, कपडे आहेत. मी मनात म्हटलं, समुद्रावर राहूनही कपडे धुवायला पाणी मिळत नाही वाटतं! त्या एका विचारानं मला वाटेवरच्या मोहर्ली गावापर्यंत छान गारवा वाटला.

मोहर्लीला सगळं गोत जमलं. तिथे एका सोयऱ्याकडे मुक्काम करून सकाळी आठ बंड्यांची ओळ तळ्यावर पोचली. चार पिढ्या खाली उतरल्या. सगळ्यात लहान पणती आईच्या कडेवर, सगळ्यात मोठा आजा दोन नातवांच्या खांद्यावर, आणि आजाच्या खांद्यावर ते घराण्याचं जाळं. तळं बघून सगळे उभेच राहिले. काय ते पाणी! मासोळी वर येऊन फटकन शेपूट मारायची आणि वर्तुळं काठापर्यंत यायची. आमच्या माणसांच्या हातांची बोटं आपोआप हलायला लागली. मी वासूभाऊकडे बघितलं. "वा," तो म्हणाला. माझं पोट तेवढ्यावरच भरलं.

बायकांनी झाडाखाली चुली मांडल्या. प्रत्येक घरानं मासोळी सोडून काहीही आणलं होतं, आणि प्रत्येकाला सुचलं होतं एकच: मसाला. पाटे काढले, तिखट वाटलं, जवसाचं तेल कढईत तापायला लागलं. आत्याचं तिखट, काकूचं तिखट, मामेभावाच्या बायकोचं तिखट. आजूबाजूची माकडं शिंकायला लागली. मी धोतराचा काचा मारला, माझं रोजचं जाळं उचललं आणि सगळ्यांच्या देखत पाण्याकडे निघालो.

"भाऊ, कुठी?"

खाकी कपड्यातला एक मधल्या वयाचा माणूस झाडाला टेकून उभा होता. तिथला गार्ड. अतिशय शांत माणूस, आणि शांत माणसाशी भांडणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं सांगितलं, देवाची पूजा करा, सैपाक करा, जेवा, ऊन कलायच्या आत बंड्या जुंपा. पण पाण्यात जाळं पडणार नाही.

"काऊन?"

"नॅशनल पार्क झालं. इथली मासोळी धरायची नाई."

"मंग हाय कोणाची ती?"

त्यानं तळ्याकडे बोट केलं. पलीकडच्या काठावर एक लाकूड पडलं होतं. त्या लाकडानं डोळे उघडले आणि मिटले.

"तिची," गार्ड म्हणाला.

मी परत फिरलो, पण गप्प बसलो नाही. मी त्याला म्हटलं, देवाला मासोळीचा नैवेद्य आहे. तो म्हणाला, हा देव नारळ घेतो. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, मासोळीशिवाय घास उचलत नाही. तो आजाच्या पाया पडून आला आणि म्हणाला, खरंच लय म्हातारे आहेत, पण नाई. मी म्हटलं, एकच मासोळी. तो म्हणाला, एकीनं एवढी पंगत कशी उठेल? हिशेबात तोच बरोबर होता, याचा मला जास्त राग आला.

इकडे ही बातमी चुलीवरून चुलीवर गेली. तेलाच्या कढया खाली उतरल्या. पोट्टे रडायला लागले. जावई मंडळी एका ओळीत काठावर बसून पाण्याकडे बघत होती. त्यांच्यासमोर एक खंड्या झाडावरून सुरकन खाली आला, मासोळी उचलली आणि परत फांदीवर जाऊन बसला. मग बगळ्यानं एक खाल्ली. मग दुसऱ्या बगळ्यानं. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं! मी आयुष्यात पुष्कळ जळलो आहे, अर्ध्याअधिक वेळा वासूभाऊवर. पण बगळ्यावर जळण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

तेवढ्यात आजाचा आवाज आला, "गणप्या, जाळं कोणाले देऊ मंग?" त्यानं ते मांडीवर ठेवलं होतं आणि तो एकेका नातवाकडे बघत होता. वासूभाऊ खाली मान घालून पेटीवर बसला होता. त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेत मला जिंकलेला माणूस दिसला. त्यानंतर मी जे केलं, ते मी केलं नाही, त्या अकरा दिवसांनी केलं.

मी गार्डजवळ जाऊन अगदी साधेपणानं म्हणालो, "माझं जाळं मळलं. धुऊ का?" त्यानं आधी जाळ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. धुवायला मनाई कुठल्या कागदात नसावी, कारण तो म्हणाला, "काठावरूनच. आन् लवकर." मी झुडपाआड वळलो, गुडघाभर पाण्यात उतरलो, जाळ्याची दोरी मनगटाला बांधली आणि धुतलं. म्हणजे फेकलं. असं सुंदर फेकलं की विचारू नका, पूर्ण गोल, पाण्यावर ताटासारखं पडलं. काहीतरी जड लागलं. मी ओढलं. त्या जडानं मला ओढलं.

मगर वर आली. डोक्यावर माझं जाळं, नवरीच्या घुंगटासारखं तोंडावरून खाली सुटलेलं, आणि त्यातून तिचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी मनगटाची दोरी कशी सोडवली, पाण्याबाहेर कसा आलो आणि जांभळीच्या झाडावर किती उंच चढलो, हे मला आठवत नाही. खाली आलो तेव्हा माझा काचा सुटलेला होता आणि चारही पिढ्या झाडाखाली गोळा झालेल्या होत्या. मगर जाळ्यासकट पलीकडच्या काठाकडे निघून गेली.

"धुणं झालं?" गार्डनं विचारलं.

कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. आत्यानं पदर तोंडाला लावला होता, पण तो दुःखानं नव्हता हे मला कळत होतं. माझं जाळं गेलं, वेळ गेली, ऊन डोक्यावर आलं, आणि आजा उपाशी. रागाचा भर ओसरला आणि मला खरंच रडू आलं. म्हाताऱ्याचं सगळं गोत एकदा जमलं, आणि ते मी एका वांग्याच्या भाजीवर आणून बसवलं.

तेव्हा पार्वती उठली. नाक वर करून दोनदा हुंगलं आणि सरळ वासूभाऊपुढे जाऊन उभी राहिली.

"वासूभाऊजी, उठा पेटीवरून."

"वहिनी, कपडे हायत त्यात."

"कपड्याले मी काल चांद्यापासून वळखून राह्यली. उठा."

वासूभाऊ उठला. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. पेटी उघडली आणि वासानं अख्ख्या तळ्याला वळसा घातला. वर एक शर्ट, खाली तोंडापर्यंत वाळलेले बोंबील! घराघराच्या नावानं जुड्या बांधलेल्या. निघताना वाटेत एकेकाच्या हाती गुपचूप द्यायच्या, असं त्याच्या मनात होतं. माझ्या कार्डावरच्या त्या दोन रेघा बघून त्याला तळ्यावर पेटी उघडायची हिंमत झाली नव्हती. "गणपतच्या पाण्यावर मासोळी कशी काढू?" तो म्हणाला, आणि मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण जमीनसुद्धा नॅशनल पार्कची होती.

गार्ड लगबगीनं आला. त्यानं एक बोंबील उचलून उलटा केला, सुलटा केला, वास घेतला आणि तळ्याकडे बघितलं.

"अशी मासोळी आमच्या तळ्यात नाई," त्यानं निकाल दिला. "शिजवा."

मग काय! एवढ्या घरांचा मसाला वाट बघतच होता. कढया पुन्हा चढल्या. आमच्या लोकांनी बोंबील कधी रांधलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येक चुलीवर तो वेगळा झाला: कुठे रस्सा, कुठे भाजलेला, कुठे वांग्यात घातलेला (ती जास्तीची दोन वांगी तेव्हा कामी आली, हे मला अजून दर पौषात सांगितलं जातं). ताडोब्याच्या तळ्याकाठी, पाण्यात मासोळ्या उड्या मारत असताना, चाळीस मासेमार माणसं पत्रावळीवर मान खाली घालून वसईची मासोळी खात होती. गार्डनं दोनदा मागून घेतलं. मी ठरवलं होतं की तोंडाला लावायचा नाही. पहिला घास नुसता चव बघायला घेतला. त्यानंतर पार्वतीनं मोजायचं सोडून दिलं.

जेवणं झाल्यावर आजा उठून उभा राहिला. त्यानं जाळं उचललं आणि वासूभाऊच्या खांद्यावर टाकलं. "गोताले यानं चारलं," तो म्हणाला. बरोबरच होतं. माझ्याकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं.

वासूभाऊनं जाळ्यावरून हात फिरवला, एकेक मणी चाचपला. त्याचे डोळे भरले होते. मग तो सरळ माझ्याकडे आला आणि जाळं माझ्या हातात दिलं.

"समुद्रात हे कायले चालते, गणपत? आन् तुझं तं मगरीनं नेलं. तूच ठेव. तू लहान आहेस."

अकरा दिवसांनी! त्यानं जाळं ठेवून घेतलं असतं तर मी सुखानं जन्मभर त्याचा दुस्वास केला असता. त्यानं ते मला देऊन टाकलं, आणि माझी तेवढीही सोय ठेवली नाही.

परत जाताना वासूभाऊ आजाला बरोबर घेऊन गेला, समुद्र दाखवायला. ज्या हाडांना प्रवास झेपणार नाही असं मी भाषणात म्हणालो होतो, ती हाडं गाडीत खिडकीशी बसून मला हात हलवत गेली. आजा दोन महिन्यांनी परतला. मी बंडीतून उतरवता उतरवताच विचारलं, "आजा, समुद्र मोठा का आपला तलाव?"

आजानं विचार केला. "मोठा तं समुद्रच," तो म्हणाला. "पण खारट हाय."

मी तीन दिवस गावभर हेच सांगत फिरलो, पहिलं वाक्य गाळून. चौथ्या दिवशी घरी आलो तर आजा खाटेवर उभा राहून आढ्याला काहीतरी बांधत होता. वासूभाऊनं दिलेलं बोंबलांचं गाठोडं मांजर ओढून न्यायला बघत होतं, म्हणून त्यानं ते आमच्या घराण्याच्या इज्जतीत गुंडाळून वर टांगलं होतं.

तेव्हापासून ती जागा ठरून गेली. वासूभाऊचं गाठोडं वर्षातून दोनदा येतं, आणि आजाच्या त्या जाळ्यात, जे मिळवायला मी मगरीशी झुंजलो, माझ्या हाताला आजवर सगळ्यात जास्त लागलेली मासोळी म्हणजे वासूभाऊचे बोंबील.